वनिताताईंनी बदललेला शेवट

वनिता गजभिये यांचा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आवाज मोठा नाही, पण स्वच्छ. प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून समोर ठेवावा तसा. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून त्या लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. कानाला हेडफोन आणि समोर दिव्यांचा बोर्ड, असं त्यांचं तरुणपण गेलं. त्या खात्यात एक शिस्त होती. लाइन खराब असली आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं ऐकू येत नसलं, तर मधल्या बाईनं निरोप पोचवायचा. ऐकला तेवढाच. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून काही गाळायचंही नाही.

एकदा बल्लारपूरहून एका नवऱ्यानं माहेरी आलेल्या बायकोला फोन लावला. लाइनवर नुसती खरखर. वनिताताई मध्ये बसल्या. "ते म्हणतात, तुम्ही फार हट्टी आहात." तिकडून आलेलं उत्तर त्यांनी जसंच्या तसं पुढे दिलं, "त्या म्हणतात, हट्टी तुमची आई." "ते म्हणतात, आईला मध्ये आणू नका." "त्या म्हणतात, त्या आपल्या आपणच येतात, आणायला कशाला लागतं?" शेजारच्या ऑपरेटर बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या, पण वनिताताईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी नवरा म्हणाला, "सांगा तिला, करमत नाही." तेही त्यांनी त्याच सुरात पोचवलं. मग तिकडून काही शब्द येईनात, तेव्हा "त्या रडताहेत" हेही पोचवलं.

अशा बाईनं कधी काळी एक अख्खा निरोप उलटा करून सांगावा, हे तिच्या जुन्या मैत्रिणींना खरं वाटणार नाही. पण ते घडलं, एडमंटनमध्ये, मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये, दहाबारा माणसांच्या देखत.

यजमान गेल्यानंतर वनिताताई विशालकडे आल्या. विशाल इंजिनिअर, सून दीप्ती एका सरकारी कचेरीत, नात ऊर्मी पाचवीत. मिल वूड्स नावाच्या वस्तीतलं घर, मागे सुटं गॅरेज, समोर स्प्रूसचं एक झाड. पहिल्या हिवाळ्यात त्या खिडकीशी बसून राहायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना सोबत मिळाली. दीप्तीची आई, कांताबाई, उमरेडहून आल्या. अर्धं वर्ष लेकीकडे, अर्धं वर्ष टोरोंटोला मुलाकडे, गंधारकडे, असा त्यांचा बेत ठरला.

दोन विहिणी एका घरात म्हटल्यावर नागपूरच्या नातेवाइकांनी गमतीचे फोन सुरू केले. "काय मग, भांडी वाजून राहिली का?" पण भांडी वाजलीच नाहीत. कांताबाई बुटक्या, चपळ, अंगणवाडीत आयुष्य गेलेल्या. त्यांना गप्प बसता येत नसे आणि वनिताताईंना ऐकत बसायची सवय. शिवाय कांताबाईंना टीव्हीवरच्या आइस हॉकीचं विलक्षण वेड लागलं होतं. "मले हे पोट्टे आवडतात," त्या म्हणायच्या. "भांडतात त तोंडावर भांडतात. मागून नाही." मॅच असली की जावई सोफ्याच्या एका टोकाला, सासू दुसऱ्या टोकाला, आणि गोल झाला की दोघांचा एकच आरडाओरडा.

सकाळी मात्र घर शांत असायचं. मुलं कामाला, नात शाळेत गेली की दोघी दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी चटई टाकायच्या. बुद्धाची लहानशी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. वंदना व्हायची, मग पंचशील. आणि खिडकीत कांताबाईंचा पिंपळ.

हा पिंपळ म्हणजे कांताबाईंचा जीव. टोरोंटोजवळच्या एका विहारातल्या भन्तेंनी त्यांना हातभर उंचीचं रोप दिलं होतं. बोधिवृक्षाच्या वंशातलं, असं म्हणून दिलेलं. कांताबाई काही भाबड्या नव्हत्या. "झाडाले नमस्कार करत नाही मी," त्या आल्यागेल्याला बजावायच्या. "पण ज्याच्या सावलीत एवढं घडलं, त्याचा नातू आपल्या घरी आला, त त्याले पाणी तरी वेळेवर द्यावं की नाही?" विमानात ती कुंडी त्यांनी मांडीवर घेऊन आणली होती. गेल्या हिवाळ्यात टोरोंटोला जाताना विशालच्या हाती सोपवली. "विशालराव, माझी पोरगी तुमच्याकडे दिली तेव्हा मी एवढं सांगितलं नव्हतं. पण हे झाड सांभाळा."

जानेवारीत विशालनं मित्रांना मॅच बघायला बोलावलं. माणसं जास्त, जागा कमी. खुर्च्या लावायला कुंडी अडचणीची झाली, म्हणून त्यानं ती "एक तासासाठी" उचलून मागच्या गॅरेजमध्ये ठेवली. मॅच रंगली, बरोबरीमुळे ओव्हरटाइममध्ये गेली, एडमंटननं जिंकली. मित्र नाचले, जेवले, गेले. सकाळी वनिताताई वंदनेला बसल्या आणि खिडकी रिकामी दिसली. बाहेर उणे तीस. गॅरेजमध्ये पिंपळाची पानं काळी पडून उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.

विशाल त्या कुंडीपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहिला. सासूला तो मम्मी म्हणायचा. "आई, मम्मींना सांगू नकोस. प्लीज. मी काहीतरी करतो."

त्यानं केलं ते असं, की इंटरनेटवर शोधून कॅलगरीच्या कुणा गृहस्थाकडून तेवढ्याच उंचीचा पिंपळ विकत घेतला. तीन तास गाडी हाकत गेला, तीन तास हीटर लावून परत आला. कुंडी तीच, माती तीच, झाड दुसरं. दीप्ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही, पण आईला तिनंही सांगितलं नाही. ऊर्मीला सांगितलं, "इट्स अ सरप्राइज." ती म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट सरप्राइज मीन्स, बाबा." आणि वनिताताई? त्या मुलाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसल्या. आपल्या पोराला त्याच्या सासूपुढे खाली पाहायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं.

मार्चमध्ये कांताबाई परत आल्या, त्या बूट न काढता आधी खिडकीशी गेल्या. "अगं बाई! कसं टवटवीत ठेवलं हो! दोन पानं जास्तच आली!" त्या आनंदात त्यांनी त्याच दिवशी पातोडीचा रस्सा केला, खास जावयासाठी. विशालनं मान खाली घालून तीन वेळा वाढून घेतला, कारण नको म्हटलं असतं तर बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून वनिताताईंची सकाळ अवघड झाली. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं सरळ जायची. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, की त्यांचा तो स्वच्छ आवाज एकदम हळू व्हायचा. आपण खोटं कुठे बोललो, नुसतं बोललो नाही, असं त्या स्वतःला समजावायच्या. पण आयुष्यभर निरोप पोचवलेल्या बाईला न पोचवलेला निरोप म्हणजे काय ते चांगलं कळतं.

एप्रिलमध्ये कांताबाईंनी नवीनच बेत जाहीर केला. तिथल्या आंबेडकरी मंडळानं एक छोटा हॉल भाड्यानं घेतला होता. "बुद्धपौर्णिमेले मी माझं झाड तिथं देणार. घरात कायले ठेवायचं? चार लोकांत वाढू दे. आणि विहीणबाई, माइकवर तुमीच सांगा झाडाची वंशावळ. तुमच्यासारखा आवाज कोणाचा हाय?"

वनिताताईंनी "बघू" म्हटलं आणि उगाचच भांडी घासायला घेतली. त्या बोलल्या तर पोराची लाज जाणार. न बोलल्या तर कांताबाई सगळ्या समाजापुढे खोटं सांगणार, तेही मनापासून, आणि ते खोटं वनिताताईंच्याच तोंडून निघणार. आणि पुढे कधी कळलंच, तर सकाळच्या चटईवर ती बाई आपल्या शेजारी पुन्हा बसेल का, हा खरा घोर होता. इतक्या उतारवयात मिळालेली मैत्रीण.

अशात बेसमेंट टॉकीजचा शनिवार आला.

बेसमेंट टॉकीज हे नाव ज्ञानदेव रामटेक्यांनी ठेवलेलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलीकडे राहणारे, टिंगल केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे गृहस्थ. सुरुवात झाली ती एका कोरियन मालिकेपासून. कांताबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून वनिताताई खालच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायच्या. सांगता सांगता आवाज बदलायला लागल्या. सासूचा वेगळा, सुनेचा वेगळा. कांताबाईंनी ही गोष्ट चार जणांना सांगितली, आणि मग महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी विशालच्या बेसमेंटमध्ये म्हातारी मंडळी जमू लागली. पडद्याशेजारी उंच स्टुलावर वनिताताई बसायच्या. जपानी, इटालियन, तुर्की, कोणताही सिनेमा असो, तो नागपूरच्या मराठीत ऐकू यायचा. सिनेमा त्या आदल्या आठवड्यात एकदा बघून ठेवायच्या, म्हणजे ऐन वेळी अडखळायला नको.

या वेळी निवड होती मेहरीबाईंची. दोन घरं सोडून राहणाऱ्या, मूळच्या इराणमधल्या इस्फहानच्या. त्यांची आणि वनिताताईंची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि दोघींकडे असलेले सारखे शब्द. दरवाजा, बाजार, पनीर, हमेशा. पिस्ते घातलेल्या पांढऱ्या मिठाईचा डबा घेऊन मेहरीबाई आल्या आणि त्यांनी पेन ड्राइव्ह दिला तो त्याच दुपारी. "व्हेरी गुड फिल्म. फॅमिली फिल्म," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत कांताबाईंच्या शेजारी बसल्या. आधी बघून ठेवायला वेळच मिळाला नाही.

सिनेमा इराणमधल्या एका साध्या घराचा होता. म्हातारे आजोबा, मुलगा, सून, शाळेत जाणारी नात. रमजानचा महिना. आजोबांना साखरेचा आजार, डॉक्टरनं उपास बंद सांगितलेला. आजोबा ऐकत नाहीत. "अल्लाचा आणि माझा हिशेब आहे, तू मध्ये कोण?" वनिताताईंनी हे वाक्य इतक्या खणखणीत आवाजात टाकलं की ज्ञानदेवकाका म्हणाले, "हे तर आमच्या बाबांचंच बोलणं."

मग त्या मुलानं युक्ती काढली. आजोबांना नीट दिसत नाही, घराबाहेर ते पडत नाहीत. त्यानं खिडक्यांना जाड काळे पडदे लावले, घड्याळं पुढे केली आणि भर दुपारी मोबाइलवर संध्याकाळची बांग लावली. आजोबा "झाला का सूर्यास्त?" विचारत, घरचे "झाला" म्हणत, आणि म्हातारा समाधानानं खजूर तोंडात टाकी. सून देवभोळी, ती तोंड वळवून ताट ठेवायची. नात गप्प. शेजारपाजारचे लोक आजोबांच्या श्रद्धेचं कौतुक करत, आणि आजोबाही नातीला सांगत, "बघ, या वयात एकही रोजा मोडला नाही मी."

बेसमेंटमध्ये हसू फुटत होतं. "डोकं लावलं पोट्ट्यानं!" कांताबाई म्हणाल्या. वनिताताई मात्र मध्येच थांबून पाणी प्यायल्या. त्यांना आता पुढचं दिसायला लागलं होतं, आणि पुढच्याच रांगेत कांताबाई मान वर करून, डोळे मोठे करून ऐकत होत्या.

शेवटी तेच झालं. आजोबांच्या तोंडात घास असतानाच पडद्याची दोरी तुटली. ऊन धाडकन खोलीत आलं. भर दुपारचं, पांढरंफेक. आजोबांनी खिडकीकडे पाहिलं, हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मुलाला त्यांनी काहीच विचारलं नाही. ते नातीकडे वळले आणि खाली ओळ उमटली, ‘तुलाही माहीत होतं?’

वनिताताईंनी ती ओळ वाचली. तोंड उघडलं. आणि त्या बोलल्या, "वा रे वा! चांगलं फसवलंत की मला!"

पडद्यावर आजोबांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलू लागले.

"हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या," वनिताताई म्हणाल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा उठून खिडकीशी जाऊन एकटेच बसले, तेव्हा वनिताताईंनी त्यांना "आता ऊन खात बसतो मस्त" असं म्हणायला लावलं. दिवे लागले. सगळी मंडळी खूश. फक्त मेहरीबाई रुमालानं डोळे टिपत होत्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"सो सॅड," त्या शेजारच्या ज्ञानदेवकाकांना म्हणाल्या. "पुअर ओल्ड मॅन."

"सॅड?" काका चकित. "मॅडम, ही इज लाफिंग!"

"लाफिंग? नो, नो! हिज हार्ट इज ब्रोकन!"

काकांनी एकदा मेहरीबाईंकडे पाहिलं, एकदा स्टुलाकडे. "वनिताताई, ह्यांच्या सिनेमात आणि तुमच्या सिनेमात काही घोटाळा होऊन राहिला बरं का. तिकीट एकच होतं ना?"

वनिताताईंना खोटं रेटून न्यायचं शिक्षण नव्हतं. "शेवट मी बदलला," त्या म्हणाल्या.

एकच हशा पिकला. "डायरेक्टर झाल्या!" "पुढच्या वेळी गाणं पण टाका एखादं!" हसत हसत मंडळी वर जेवायला गेली. मेहरीबाईंना ज्ञानदेवकाका जिन्यात तो बदललेला शेवट इंग्रजीत समजावत होते, आणि त्या आधी रागावल्या, मग हसू लागल्या, ते खालपर्यंत ऐकू येत होतं.

कांताबाई उठल्या नाहीत.

"बदलला कायले?" त्यांनी विचारलं.

"फार वाईट होता हो."

"मग रडलो असतो. आमी कधी रडलो नाही का? मागच्या जपानी सिनेमात तुमी आमाले चांगलं हुंदके देऊन रडवलं. तेव्हा नाही बदलला." कांताबाई पुढे झुकल्या. "विहीणबाई, काय झालं?"

वनिताताई स्टुलावरून उतरल्या. खाली खुर्चीवर, त्यांच्या बरोबरीनं बसल्या. आणि मग त्या जशा एके काळी बोलायच्या तशा बोलल्या, काही न घालता, काही न गाळता.

"तुमचं झाड जानेवारीत मेलं, ताई. विशालनं खुर्च्या लावायला गॅरेजमध्ये ठेवलं आणि तो विसरला. थंडीनं गेलं. खिडकीत आहे ते दुसरं आहे. विकत आणलेलं."

कांताबाई पडद्याकडे वळल्या. पडदा पांढरा होता, त्यावर काही नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमालेही माहीत होतं?"

ती ओळ त्यांनी सिनेमात ऐकलीच नव्हती.

"हो," वनिताताई म्हणाल्या.

कांताबाई वर गेल्या. ताट वाढून घेतलं, सगळ्यांशी बोलल्या, मेहरीबाईंच्या मिठाईचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी वंदना आपल्या खोलीत केली, दार लावून. वनिताताई खिडकीशी एकट्या बसल्या. घरात निरोप ऊर्मीमार्फत फिरू लागले. "तुया आजीले सांग, चहा झाला." ऊर्मी दोघींच्या मध्ये उभी राहून म्हणायची, "आजी, शी इज राइट देअर. शी कॅन हिअर यू." आपलं बिंग फुटल्याचं आईकडून कळलेला विशाल सासूसमोरून जाताना भिंतीला चिकटून जायचा. दीप्ती त्याला म्हणाली, "मी जानेवारीतच म्हटलं होतं, आईला सांगून टाक."

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी कांताबाई खोलीतून आल्या, त्या सरळ वनिताताईंपुढे उभ्या राहिल्या. ऊर्मी शाळेत होती, त्यामुळे थेट बोलणं भाग होतं. "तो सिनेमा लावा. शेवटचाच तुकडा. आणि नीट सांगा. मेहरीबाईलेही बोलवा, मले साक्षीदार पाहिजे."

तिघी दिवाणखान्यात बसल्या. वनिताताईंनी जसं होतं तसं सांगितलं. ‘तुलाही माहीत होतं?’ म्हणताना आवाज फुटला, पण शब्द पुरा केला. आजोबा खिडकीशी जाऊन बसले. पडद्यावर अंधार झाला.

"मग?" कांताबाई म्हणाल्या.

"संपला."

"असा कसा संपला? म्हातारा एकटाच बसून राहिला का? कोणी जेवाले नाही बोलावलं याले?"

वनिताताईंनी हा प्रश्न मेहरीबाईंना पोचवला. मेहरीबाईंनी हात पसरले. "फिल्म फिनिश. नाउ, यू थिंक."

"मी कायले थिंक करू?" कांताबाई उसळल्या. "आजारी माणसाले उपास नाहीच, असं त्यांच्या धर्मातच असते म्हणतात. बरोबर ना मेहरीबाई? मग पोराचं चुकलं ते हे, की बापासंग बसून भांडला नाही. पडदे लावत बसला. तोंडावर भांडायले पाहिजे होतं!" मग म्हणाल्या, "आणि हा म्हातारा चार दिवस झाले दार लावून बसला हाय, हेही काही बरं नाही."

सिनेमातला म्हातारा फक्त एकदाच बसला होता. वनिताताईंनी ही चूक दुरुस्त केली नाही.

त्या दिवशी विशाल कामावरून आला, तेव्हा सासूबाई सोफ्याच्या आपल्या टोकाला बसलेल्या होत्या. "विशालराव, या. बसा तिकडे. आता सांगा, काय काय झालं ते. पहिल्यापासून."

विशालनं सांगितलं. खुर्च्या, गॅरेज, एक तास, ओव्हरटाइम. घाम पुसत पुसत, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. "आय पॅनिक्ड, मम्मी. खरंच सॉरी."

"कोणती मॅच होती?"

"अं?"

"मॅच कोणाविरुद्ध होती?"

"कॅलगरी."

"कोण जिंकलं?"

"आपणच. ओव्हरटाइममध्ये."

कांताबाईंनी मान डोलावली. "आणि हे दुसरं झाड कुठून आणलं?"

विशाल खाली बघून म्हणाला, "कॅलगरीहून."

मग कांताबाईंच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं. "म्हणजे," त्यांना वाक्य पुरं करता येईना, "कॅलगरीले हरवलं... आन मी दोन महिने... कॅलगरीच्या झाडाले पाणी घालून राहिले?" त्या सोफ्यावर आडव्या व्हायच्या बेतात आल्या. दीप्ती स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं आई रडतेय. विशालला हसावं की नाही ते कळत नव्हतं, पण ऊर्मी जमिनीवर लोळायला लागल्यावर त्याचाही बांध फुटला.

हसून झाल्यावर कांताबाईंनी डोळे पुसले आणि सरळ बसल्या. "पण ऐका. झाड गेलं त्याचं मले वाईट वाटलं. भन्तेंनी दिलं होतं. ते मी मनातून काढून टाकीन. पण पौर्णिमेले माइकवर सांगायचं तुमी. सगळं. कॅलगरीसुद्धा."

"मम्मी, जन्मभर चिडवतील मला."

"चिडवू द्या."

मग त्या वनिताताईंकडे वळल्या. आवाज एकदम मऊ झाला. "यांचं मी समजू शकते. पोरगं हाय, घाबरलं. तुमी मात्र रोज माझ्या बाजूले बसत होत्या."

"हो," वनिताताई म्हणाल्या. "माझं चुकलं, ताई."

"मग उद्या लवकर बसू. आणि चौथं शील जरा मोठ्यानं म्हणा. बरेच दिवसांपासून तिथं तुमचा आवाज बसते. मले वाटे, गळ्याचं काही दुखणं हाय."

बुद्धपौर्णिमेला एडमंटनमध्ये झाडांना कोवळी पानं आली होती. हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांची गर्दी, कॅलगरीहूनही दोन गाड्या भरून माणसं आलेली. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली. मग विशाल माइकशी गेला. त्याच्या मोठ्या कंपनीत तो शंभर लोकांपुढे बोलतो, पण इथे त्याचे कान लाल झाले होते. त्यानं सगळं सांगितलं. ओव्हरटाइमपाशी पहिला हशा झाला. कॅलगरीपाशी छत उडतं की काय असं वाटलं.

"मग हे आमचं झाड!" कॅलगरीकडचे एक गृहस्थ उभे राहिले. "परत द्या!"

"हरलेल्यांना परत काही मिळत नाही!" ज्ञानदेवकाका ओरडले.

"बसा दोघं!" कांताबाईंनी कुंडीवर हात ठेवला. "हे झाड खोट्या पावलानं माझ्या घरी आलं, पण त्याची त्यात चूक नाही. आता खरं सांगून इथं आलं हाय. याची वंशावळ आमाले माहीत नाही. कोणी विचारली त एवढंच सांगा, माहीत नाही. पाणी मात्र वेळेवर द्या."

वनिताताईंना वंशावळ सांगावी लागली नाही. त्यांनी माइकवर फक्त जेवणाच्या रांगा कुठून सुरू होतात ते सांगितलं, त्या स्वच्छ आवाजात, आणि खाली उतरल्या.

खिरीचं पातेलं कांताबाईंकडे होतं. पहाटे उठून त्यांनीच केलेली खीर. त्यांनी वनिताताईंच्या वाटीत मोठा डाव भरून ओतला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "सांगा कशी झाली. खरं सांगा हं."

वनिताताईंनी चमचा तोंडात घातला. जिभेवर घोळवला.

"साखर जास्त झाली, ताई. बरीच."

कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि डाव पातेल्यावर आपटत म्हणाल्या, "एवढं मोठ्यानं सांगायले कोणी सांगितलं होतं, बाई!"